एक बातमी, दोन भाषा : सीमेवरच्या विद्यार्थ्याच्या वृत्तवाचनाची कहाणी

'तो आला म्हणे', असे आपण मराठीत सहज बोलून जातो. बेळगावच्या बाजारपेठेतला कन्नड माणूस हीच गोष्ट 'बंदनंते' अशी एका शब्दात सांगतो. घाट उतरून गोव्यात गेले की कोकणी माणूस म्हणतो, 'तो आयला खंय'. 'म्हणे', 'अंते' आणि 'खंय' या तिन्ही पदांचे काम एकच आहे. सांगितलेली गोष्ट मी स्वतः पाहिलेली नाही, ती माझ्या कानांवर आली आहे आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी माझ्यावर नाही, एवढा मजकूर ही चिमुकली पदे वाहून नेतात. ऐकीव आणि पाहिलेले यांतला भेद आपल्या तिन्ही शेजारभाषांनी इतक्या नेटकेपणाने जपला आहे.

वर्तमानपत्राच्या भाषेत ही पदे वेगळा पोशाख करून येतात. मराठी बातमीदार 'असे समजते' लिहितो, कन्नड बातमीदार 'एन्नलागिदे' लिहितो आणि हिंदी वार्ताहर 'बताया जाता है' असे म्हणून मोकळा होतो. बातमीच्या नावांचाही असाच मेळा आहे. मराठीत बातमी व वार्ता, कन्नडमध्ये सुद्दी, उर्दूत व कोकणीत खबर, हिंदीत व गुजरातीत समाचार. यांपैकी कोणताही शब्द सोवळ्यात राहिलेला नाही. 'बातमीदार' हा आपला शब्द कन्नड वृत्तपत्रांनी जसाच्या तसा घेतला आणि 'खबर' मराठीत केव्हा शिरली हे कुणाला आठवतही नाही.

मग प्रश्न असा की, या वेगवेगळ्या भाषांच्या छायेत वाढलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बातमीही वेगवेगळ्या रीतीने वाचतात काय? 'पुण्याचा विद्यार्थी अग्रलेखावर वाद घालतो, इंदूरचा पोह्यांच्या दुकानावर अखबार चाळतो, गोव्याचा आधी आपल्या गावची बातमी शोधतो', असे ठोकताळे आपण नेहमी ऐकतो. त्यांत गंमत आहे, तथ्यांशही असेल. परंतु इतिहास पाहिला तर हे भेद स्वभावातून आलेले दिसत नाहीत. परीक्षेची भाषा कोणती, टपालाने काय येते, सरकार काय अडवते आणि वाचनालयाच्या मेजावर काय पडलेले असते, या चार गोष्टींनी प्रत्येक गावच्या विद्यार्थ्याची वृत्तवाचनाची सवय घडवली. सीमाभागापुरते बोलायचे तर या चारही गोष्टी आपल्यासाठी दुसऱ्यांनी ठरवल्या. म्हणूनच हा इतिहास आपण नीट पाहिला पाहिजे.

आरंभ दोन रकान्यांनी

मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांत झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. एकच मजकूर राज्यकर्त्याने एका रकान्यात वाचावा आणि प्रजेने दुसऱ्यात, ही त्यामागची दृष्टी. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या बाळशास्त्र्यांना ठाऊक होते की, या दोन रकान्यांमधून ये-जा करणारा वाचक मुख्यतः तरुण असणार. इंग्रजी शिकणारा विद्यार्थी मराठी रकान्याच्या आधाराने इंग्रजी समजून घेई आणि इंग्रजी रकान्यावरून मराठीची पारख करी. १८६२ मध्ये सुरू झालेल्या 'इंदुप्रकाशा'नेही हाच द्विभाषी परिपाठ ठेवला. तोवर मुंबई विद्यापीठाला पाच वर्षे झाली होती आणि पदवीधर मराठी वाचकांची पहिली पिढी घडत होती.

या 'इंदुप्रकाशा'चा एक धागा थेट बडोद्याला जातो. बडोदे संस्थानच्या सेवेत असलेल्या अरविंद घोषांनी १८९३-९४ मध्ये काँग्रेसच्या मवाळ धोरणावर जी इंग्रजी लेखमाला लिहिली, ती याच पत्रातून प्रसिद्ध झाली. लेखक बंगाली, राहणार गुजरातीभाषक संस्थानात, तिथला राजा मराठी आणि पत्र मुंबईचे, तेही मराठी-इंग्रजी! भाषेच्या सीमा ओलांडून बातमी आणि मत कसे फिरत होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पुणे : बातमी वाचणे हाच अपराध

जानेवारी १८८१ मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. इंग्रजी आणि मराठी ही जोडी इथेही होती; फक्त दोन रकान्यांऐवजी आता दोन स्वतंत्र पत्रे झाली. ती काढणारी मंडळी शाळा चालवणारी होती. १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ चे फर्ग्युसन महाविद्यालय याच वर्तुळातून उभे राहिले. त्यामुळे पुण्यात वर्ग आणि वृत्तपत्र यांत भिंत अशी राहिलीच नाही. १८९८ पासून शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' तरुणांच्या हाती पडू लागले. त्यांची वक्रोक्ती विद्यार्थ्यांना इतकी भावली की, १९०८ मध्ये सरकारने त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा केली तेव्हा एका पिढीला आपला शिक्षकच तुरुंगात गेल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीची बातमी वाचून पुण्यातील विद्यार्थी विदेशी कापडाच्या होळीसाठी एकत्र आले आणि त्यांत पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकरांना महाविद्यालयाने दंड करून वसतिगृहातून काढले. त्याच महिन्यात बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले आणि १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रक. विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळीत पडू नये, असा या दोहोंचा मथितार्थ. बातमी वाचून विद्यार्थी स्वस्थ बसत नाही, हे सरकारने परिपत्रक काढून मान्यच केले. पुण्याच्या विद्यार्थ्याची वादप्रियता म्हणून जी ओळखली जाते, तिचे मूळ या काळात आहे. बातमी ही त्याच्यासाठी माहिती नव्हती; ती कृतीची हाक होती.

हैदराबाद : उजवीकडून डावीकडे

निजामाच्या राज्यात चित्र निराळे होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठा होता, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल. विज्ञानापासून कायद्यापर्यंतची परिभाषा तिथल्या भाषांतर विभागाने परिश्रमाने घडवली. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातून हैदराबादेस गेलेला विद्यार्थी अभ्यास उर्दूत करी, सरकारी घोषणा उर्दू अखबारांत वाची आणि घरची विचारपूस मराठीत करी. हैदराबादेत १९२० पासून निघणारे 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक त्याला आधार होते. पण राज्याबाहेरच्या अनेक पत्रांना प्रवेशबंदी असे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या सुमारास सुरू केलेल्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी येई आणि ते नाव बदलून पुन्हा निघे. ज्या वाचकाला आपल्या पत्राचे नावही पुढच्या वेळी काय असेल हे ठाऊक नाही, तो मजकुराच्या वळणावरून पत्र ओळखायला शिकतो. वाचनाची ही तालीम पुण्याच्या विद्यार्थ्याला कधी मिळाली नाही.

१९३८ च्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. तेलुगूभाषक नरसिंह राव मराठी उत्तम जाणत होते, याचा उगम अशा स्थलांतरांत पाहता येतो.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. उर्दू म्हणजे निजामाची बाजू आणि मराठी-तेलुगू म्हणजे प्रजेची बाजू, अशी सोपी वाटणी करू नये. हैदराबादचे विलीनीकरण व्हावे असे उर्दूतून निर्भयपणे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. ज्या विद्यार्थ्याने उर्दूकडे पाठ फिरवली, त्याला हा आवाज ऐकूच आला नसता.

बडोदे आणि इंदूर : राजाचे वाचनालय, शेजाऱ्याची भाषा

बडोद्यात बातमी बंदीतून नव्हे, तर राजाश्रयातून पोहोचली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. गावोगावी वाचनालये, फिरती ग्रंथपेटी आणि वर्तमानपत्रांच्या खोल्या यांचे जाळे विणले गेले. राजघराणे मराठी असले तरी प्रजा मुख्यतः गुजराती होती आणि महाराजांनी हे भान सोडले नाही. त्यामुळे बडोद्याचा मराठी विद्यार्थी गुजराती छापे आणि मराठी पत्रे एकाच मेजावर पाहत वाढला. त्याला दुसरी भाषा शत्रूची वाटली नाही, कारण ती लादली गेली नव्हती. सीमाभागातील आपल्या अनुभवाशी हा फरक ताडून पाहावा.

इंदूर-ग्वाल्हेरकडे मराठी माणसाने याहून पुढचे पाऊल टाकले. तो शेजाऱ्याच्या भाषेतला वाचक तर झालाच, संपादकही झाला. माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरात 'हिंदी केसरी' काढून टिळकांचे विचार हिंदीत नेले. बाबूराव विष्णू पराडकरांनी काशीच्या 'आज'मधून हिंदी वृत्तलेखनाला घडण दिली. १९४७ मध्ये इंदुरात सुरू झालेल्या 'नई दुनिया'ला राहुल बारपुते यांच्यासारखा मराठीभाषक संपादक लाभला. इंदूरच्या मराठी घरांतील विद्यार्थी जगाची बातमी हिंदीत वाचू लागला, ते यामुळेच स्वाभाविक ठरले. याची किंमतही आहे. घरात मराठी राहिली, पण विचार करण्याची, मुद्दा मांडण्याची भाषा हळूहळू हिंदी झाली. जी भाषा फक्त स्वयंपाकघरात आणि देवघरात उरते, तिच्यात बातमी येईनाशी होते. आणि बातमी ज्या भाषेत येत नाही, त्या भाषेत नवे शब्द घडत नाहीत.

गोवा : रानातला आवाज

पोर्तुगीज गोव्यात विद्यापीठ नव्हते. ते १९८५ मध्ये झाले. लिसेव पार केलेला विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी मुंबई, पुणे, धारवाड किंवा बेळगाव गाठी, नाही तर थेट लिस्बन. सालाझारच्या राजवटीत छापील निमंत्रणपत्रिकेलाही सेन्सॉरची परवानगी लागे, तिथे वृत्तपत्राची कथा काय सांगावी! म्हणून घाटावर शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी परतला की तोच गावाचे वर्तमानपत्र होई. वाचलेली बातमी डोक्यात साठवून ती तोंडी सांगणे, हे त्याचे देशकार्य होते. इथे 'खंय' या पदाला आगळे मोल होते. सांगणाऱ्याचे नाव झाकून बातमी पुढे सरकवण्याची ती हक्काची सोय होती.

नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या तरुण जोडीने गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. प्रथम आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून कोकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत ते गोव्यासाठी बातम्या देत राहिले, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत. पोर्तुगीज भाषेत प्रसारण करण्यामागे नेमका विचार होता. गोव्यातला सुशिक्षित वर्ग आणि खुद्द पोर्तुगीज शिपाई यांच्याही कानांवर दुसरी बाजू पडावी, हा. आपल्याच माणसांशी आपल्याच भाषेत बोलून चळवळ पुरी होत नाही, हे त्या दोघांना उमगले होते.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये 'गोमन्तक' निघाले, १९६३ मध्ये 'राष्ट्रमत'. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात 'गोमन्तक'ने महाराष्ट्रात विलीनीकरणाचा कैवार घेतला, तर 'राष्ट्रमत'ने त्याविरुद्ध रान उठवले. दोन्ही पत्रे मराठीच. कौल विलीनीकरणाच्या विरोधात गेला. आपल्यापैकी अनेकांना हा निकाल आजही सलतो. परंतु ज्या विद्यार्थ्याने तेव्हा दोन्ही पत्रे वाचली, त्याला निकालाचे आश्चर्य वाटले नसेल. ज्याने एकच वाचले, तो मात्र बेसावध सापडला असेल. भाषा एक असली म्हणजे मत एक असते, हा भ्रम गोव्याने दूर केला.

बेळगाव : आधी विद्यापीठ वेगळे झाले

आता आपल्या अंगणाकडे वळू. बेळगावात बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' सुरू केला. 'संयुक्त कर्नाटक' या कन्नड पत्रानेही मूळ याच गावात धरले आणि ते पुढे हुबळीला गेले. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. एकाच गावात 'संयुक्त' हा एकच संस्कृत शब्द दोन भाषांतल्या दोन स्वप्नांसाठी राबत होता. त्या काळचा विद्यार्थी दोन्ही पत्रे वाचत असेल, तर त्याला कळले असेल की पलीकडच्यालाही आपल्यासारखेच तुटल्याचे दुःख आहे.

राज्याची सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी बदलली, हे सर्वांना पाठ आहे. पण विद्यार्थ्याची सीमा त्याआधीच बदलली होती. मुंबई विद्यापीठाच्या छायेतली महाविद्यालये १९४९ च्या सुमारास विभागली गेली. पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ ही दोन नवी विद्यापीठे उभी राहिली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते, तरी त्याचे विद्यापीठ धारवाडचे झाले. परीक्षेची बातमी, निकालाची बातमी, नोकरीची जाहिरात या साऱ्यांचे तोंड पुण्या-मुंबईकडून धारवाडकडे वळले. १९५० मध्ये धारवाडला आकाशवाणी केंद्र आले. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि १९६३ मध्ये सांगलीला नभोवाणी केंद्र. चंदगडचा विद्यार्थी आणि बेळगावचा विद्यार्थी यांच्यामधले अंतर तासाभराचे, आडनावे तीच, यात्रा-जत्रा त्याच. पण एकाच्या बातमीचे जग कोल्हापूरकडे पाहू लागले आणि दुसऱ्याचे धारवाड-बेंगळूरकडे. संस्कृतीतला म्हणून जो भेद आज आपण दाखवतो, तो अशा प्रशासकीय निर्णयांनी एका पिढीच्या आत तयार झाला.

शब्दही वेगळे झाले. १ नोव्हेंबर या एकाच तारखेची बातमी कन्नड पत्रात 'राज्योत्सव' होते आणि मराठी पत्रात 'काळा दिन'. आपण 'सीमाभाग' म्हणतो, कन्नडमध्ये 'गडिनाडु' म्हणतात. 'गडी' म्हणजे त्यांच्याकडे सीमा. आपल्याकडे गडी म्हणजे राबणारा माणूस किंवा खेळातला भिडू. दोन्ही अर्थ सीमेवरच्या माणसाला लागू पडावेत, हा भाषेचा विलक्षण योगायोग. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. तेव्हापासून नुसत्या गावाच्या नावावरून पत्र कोणत्या बाजूचे आहे हे समजू लागले आहे.

मी विद्यार्थी असताना वाचनालयात उतरत्या फळीचे लांब मेज होते. त्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी पत्रे दोऱ्याने बांधलेली असत. हातातले पत्र दुसऱ्याने मागेपर्यंत शेजारचे चाळावे लागे. एखाद्या मेळाव्याची बातमी मराठी पत्रात पहिल्या पानावर पाच रकानी असे, तर कन्नड पत्रात आतल्या पानावर बोटभर. शिकवणुकीचे व्याख्यान कुणी दिले नाही. ती फळीच शिकवत होती. कोणी काय छापले याबरोबरच कोणी काय गाळले हेही तिथे दिसे.

आजची फळी

आज ती फळी मोबाइलमध्ये गेली. भाषा एकदा निवडली की दुसऱ्या भाषेतली बातमी दारातही येत नाही. वृत्तपत्रांनी जिल्हावार आवृत्त्या काढल्या, त्याने गावची बातमी गावाला भरपूर मिळाली. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर-भालकी येथील मराठी शाळेची किंवा वसतिगृहाची बातमी पुण्याच्या आवृत्तीत जाईनाशी झाली. पुण्याच्या विद्यार्थ्याला सीमाभाग आठवतो तो एसटीच्या काचा फुटल्या किंवा फलकाला काळे फासले तर. बेंगळूरच्या विद्यार्थ्यालाही तसाच, तेवढ्याच दिवशी. दोघांच्याही लेखी आपण म्हणजे भांडणाची तारीख. उरलेले वर्षभर आपली मुले कोणत्या भाषेत प्रवेशअर्ज भरतात, मराठी माध्यमातून आलेली मुलगी पदवीच्या वर्गात कशी तग धरते, हे दोघांनाही ठाऊक नसते.

आपला लढा न्यायालयात आहे आणि तो तिथे चालेल. पण बातमीचे हे तुटलेले दळणवळण जोडायला न्यायालयाची परवानगी लागत नाही. सीमाभागातील प्रत्येक मराठी वाचनालयाने एक कन्नड पत्र घ्यावे आणि महाविद्यालयीन मुलांकडून आठवड्यातून एकदा एकाच घटनेच्या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचून घ्याव्यात. कन्नड उत्तम जाणणारा आपला विद्यार्थी हा मराठीला उणेपणा नाही. सप्रे-पराडकरांची परंपरा तर आपलीच आहे. आणि पुणे, मुंबई, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांनी बेळगावची आवृत्ती अधूनमधून उघडावी, भांडण नसलेल्या दिवशी.

बाळशास्त्र्यांचे दोन रकाने एका पानावर होते. आपल्या मुलांपुढे आज दोन्ही रकाने आहेत, पण पाने वेगळी झाली आहेत. ती शेजारी ठेवली तर 'म्हणे' कुठे आहे आणि 'आहे' कुठे आहे, हे ओळखायला त्यांना फार वेळ लागणार नाही.